एकाच फितीचे दोन पाठ

वाद्यवृंदाचा अल्बम ही एकच, निश्चित अशी कलाकृती असते, असे आज सहज गृहीत धरले जात असले, तरी 1960 च्या दशकातील अमेरिकी ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही; कारण त्या काळी बहुतेक अल्बम एकाच नावाने आणि एकाच मुखपृष्ठाखाली दोन रूपांत बाजारात येत. पहिले रूप मोनो, म्हणजे सर्व आवाज एकाच वाहिनीत मिसळलेले, आणि दुसरे स्टिरिओ, म्हणजे तेच आवाज डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्यांत वाटून दिलेले. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठभेद ही संकल्पना परिचित असते. परंतु एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ होते, तर येथे दोन्ही पाठ मूळ ध्वनिफितीवरूनच आणि जाणूनबुजून सिद्ध केलेले असल्यामुळे शुद्ध कोणता व अशुद्ध कोणता, असा निवाडा करता येत नाही. ‘द यंग रास्कल्स’ या न्यूयॉर्कच्या चौकडीचा त्याच नावाचा पहिला अल्बम प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे केवळ स्टिरिओ रूपात ऐकला होता. पुढे मोनो रूप हाती आल्यावर दोन्ही आलटून पालटून ऐकताना जे हाती लागले, आणि त्याआधी जी चूक झाली, त्यांचा हा वृत्तान्त आहे.

हा अल्बम 1966 च्या मार्च महिन्यात अ‍ॅटलांटिक या कंपनीने प्रसिद्ध केला. 1947 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची कीर्ती मुख्यतः कृष्णवर्णीय कलावंतांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज आणि सोल या संगीतावर उभी होती. सोल म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी चर्चमधील आर्त, हाकेला प्रतिहाक देणाऱ्या गायनाची ढब आणि नृत्याचा ठेका यांचा संयोग, असे थोडक्यात सांगता येईल. रास्कल्स हे गौरवर्णीय तरुण होते आणि त्या संगीताचे भक्त होते. हॅमंड ऑर्गन वाजवणारा व गाणारा फेलिक्स कॅव्हेलिअर, गायक एडी ब्रिगाटी आणि गिटारवादक जीन कॉर्निश हे तिघे यापूर्वी ‘जोई डी अँड द स्टारलायटर्स’ या नृत्यसंगीताच्या वृंदात होते, आणि ड्रम वाजवणारा डिनो डॅनेली त्यांना येऊन मिळाला. 1965 च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर तरंगणाऱ्या ‘द बार्ज’ या नाइट क्लबात त्यांनी नाव कमावले. रास्कल म्हणजे वात्रट पोर; त्या नावाला साजेशी आखूड विजार आणि गोल कॉलरचा सदरा असा शाळकरी वेश ते रंगमंचावर करीत. तो वेश पुढे मागे पडला आणि ‘यंग’ हा शब्दही नावातून गळला.

या चौकडीत बेस गिटार वाजवणारा कोणी नव्हता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वेशापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. रंगमंचावर खर्जाचे स्वर कॅव्हेलिअर ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर पायांनी वाजवीत असे, आणि त्याच वेळी त्याचे दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवर असत व तोंडाने गाणे चालू असे. ध्वनिमुद्रणासाठी मात्र पुढील काळात बाहेरचे बेसवादकही बोलावले गेले. ऑर्गनचा आवाज लेस्ली नावाच्या पेटीतून बाहेर पडे. या पेटीत उच्च स्वरांचा कर्णा मोटरीने गरगर फिरतो, आणि त्यामुळे आवाज ऐकणाऱ्याकडे येताना किंचित चढा व दूर जाताना किंचित उतरता भासून स्वराला एक थरथर लाभते. आगगाडी शिटी वाजवीत स्थानकातून निघून जाताना शिटीचा स्वर खाली येतो, त्यामागील तत्त्वही हेच आहे. एका माणसाच्या दोन हातांतून, दोन पायांतून आणि गळ्यातून एकाच वेळी निघणाऱ्या या ध्वनीची मांडणी करताना तो अखंड ठेवायचा की उलगडून दाखवायचा, हाच या अल्बमच्या दोन पाठांमधील कळीचा प्रश्न आहे.

दुसरी लक्षणीय बाब अशी की अल्बममधील दहा गाण्यांपैकी ‘डू यू फील इट’ हे एकच गाणे, कॅव्हेलिअर आणि कॉर्निश यांचे, वृंदाचे स्वतःचे आहे; उरलेली नऊ इतरांची आहेत. ‘स्लो डाउन’ हे लॅरी विल्यम्सचे 1958 मधील रॉक अँड रोल, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे बॉब डिलनचे, ‘इन द मिडनाइट अवर’ हे विल्सन पिकेट आणि स्टीव्ह क्रॉपर यांचे, तर ‘मस्टँग सॅली’ हे मॅक राइसचे, आणि या शेवटच्या गाण्याचा विल्सन पिकेटने केलेला विख्यात अवतार तर रास्कल्सच्या नंतरचा आहे. ‘गुड लव्हिन’’ हे रूडी क्लार्क आणि आर्थर रेझनिक यांचे गाणे ‘द ऑलिंपिक्स’ या वृंदाने 1965 मध्ये गायले होते, तेव्हा त्याला फारसे यश लाभले नाही. रास्कल्सच्या आवृत्तीने मात्र 1966 च्या एप्रिलअखेरीस बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. शब्द दुसऱ्यांचे आणि चालीही दुसऱ्यांच्या असताना रास्कल्सचे म्हणून जे उरते, ते त्या गाण्यांना त्यांनी दिलेले नादरूप होय, आणि हे नादरूप अखेर मिक्समध्ये, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज योग्य प्रमाणात एकत्र करण्याच्या क्रियेत, पक्के होते. म्हणूनच या अल्बमच्या बाबतीत मिक्सचा भेद हा तांत्रिक तपशील उरत नाही, तो कर्तृत्वाचाच एक भाग ठरतो.

हे कर्तृत्व ज्या साधनांवर अवलंबून होते, ती अ‍ॅटलांटिककडे इतरांच्या कितीतरी आधी आली होती. तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेल्या टॉम डाउड या ध्वनिमुद्रकाने 1958 च्या सुमारास तेथे आठ पदरी यंत्र बसवून घेतले, म्हणजे एकाच रुंद फितीवर आठ स्वतंत्र पट्टे असणारे, जेणेकरून गायकाचा आवाज एका पदरावर, ड्रम दुसऱ्यावर, ऑर्गन तिसऱ्यावर असे सुटे ठेवता येत आणि त्यांचे प्रमाण नंतर सावकाश ठरवता येई. रास्कल्सना निर्मितीचे अधिकार स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली होती, आणि डाउड व इस्तंबूलहून आलेला संगीत-संयोजक आरिफ मार्दिन हे दोघे देखरेखीला होते.

मोनो आणि स्टिरिओ यांतील भेद तबकडीच्या खाचेत प्रत्यक्ष कोरलेला असतो. मोनो तबकडीत सुई केवळ आडवी, डावीकडे व उजवीकडे हलते. स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंती प्रत्येकी पंचेचाळीस अंशांनी कललेल्या असून एक भिंत एका वाहिनीचा संकेत वाहते व दुसरी भिंत दुसऱ्या वाहिनीचा, त्यामुळे सुई आडवी हलते तशी वरखालीही हलते. या रचनेची मूळ कल्पना ॲलन ब्लूमलाइन या ब्रिटिश अभियंत्याच्या 1931 च्या पेटंटात आढळते, जरी स्टिरिओ तबकड्या दुकानांत यायला 1958 साल उजाडले. जुनी मोनो तबकडी आजच्या स्टिरिओ सुईने वाजवताना प्रस्तुत लेखकाला प्रथम जो त्रास झाला तो चरचरीचा. परंतु अ‍ॅम्प्लिफायरवरील मोनोची कळ दाबताच ती चरचर निम्म्याहून कमी झाल्यासारखी वाटली. मोनो खाचेत उभ्या हालचालीत संगीत नसतेच, तेथे असते ती केवळ धूळ आणि झीज; दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ही उभी हालचाल परस्परांना छेद देऊन नाहीशी होते आणि आडवी, म्हणजे संगीताची, शिल्लक राहते.

याच कळीने एका चुकीला जन्म दिला होता. मोनो प्रत हाती येण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्टिरिओ तबकडी लावून तीच कळ दाबली, दोन्ही वाहिन्या एक झाल्या, आणि मोनो म्हणतात ते हेच, असा त्याचा समज झाला; गाणी त्या रूपात कोंदट व एककल्ली वाटल्यामुळे मोनोविषयी त्याचे मत प्रतिकूल बनले. वास्तविक अशा रीतीने दुमडलेले स्टिरिओ आणि स्वतंत्रपणे केलेले मोनो मिक्स या भिन्न गोष्टी आहेत. स्टिरिओमध्ये जो आवाज मध्यभागी भासतो, तो दोन्ही वाहिन्यांत समान असतो; वाहिन्या जोडल्या की तो बाजूच्या आवाजांच्या तुलनेत साधारण तीन डेसिबलांनी वर येतो, म्हणजे मध्यभागी असलेले सर्व काही पुढे सरसावते आणि कडेला ठेवलेली वाद्ये मागे रेटली जातात, जे मिक्स करणाऱ्याला कधीच अभिप्रेत नव्हते. मोनोसाठी वेगळे मिक्स करताना त्याने प्रत्येक पदराची पातळी मुळापासून ठरवलेली असते. पाठभेदाच्या भाषेत सांगायचे, तर प्रस्तुत लेखक मूळ दुसरी प्रत न पाहता पहिलीच प्रत डोळे बारीक करून वाचत होता.

खरे मोनो मिक्स ऐकताना प्रथम ते केवळ मोठे वाटले, आणि मोठा आवाज चांगला भासतो हा कानाचा जुना दोष असल्यामुळे दोन्ही रूपांची पातळी समान करून तुलना पुन्हा करावी लागली. तरीही फरक उरला, आणि तो विस्ताराचा नसून प्रमाणाचा होता. स्टिरिओमध्ये दोन वाद्ये एकमेकांवर आली, तर एक डावीकडे व एक उजवीकडे सारून वाट मोकळी करता येते. मोनोमध्ये अशी पळवाट नसते, तेथे प्रत्येक वाद्याला आपली जागा पातळीने, नादगुणाने किंवा नेमक्या क्षणी वाजून मिळवावी लागते. त्यामुळे ‘मस्टँग सॅली’मध्ये ऑर्गन आणि ड्रम ही स्टिरिओत शेजारी राहणारी दोन वाद्ये मोनोत एकाच ठोक्याचे दोन पैलू वाटू लागतात, आणि कॅव्हेलिअरचा गळा त्यांच्या पुढे उभा न राहता त्यांच्यातून वाट काढत येतो. बेस गिटारवादकाविना रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या वृंदाला हा घट्टपणा मानवतो. खर्ज, ठेका आणि स्वर यांची गाठ सैल झाली की तिची उणीव स्टिरिओत चटकन जाणवते.

तथापि सर्वच गाण्यांत मोनो सरस ठरते असे नाही. ‘आय बिलीव्ह’ हे 1953 चे प्रार्थनावजा गीत एडी ब्रिगाटी संथ लयीत गातो, आणि तेथे गळ्याभोवती मोकळी जागा असणे हा अर्थाचाच भाग आहे. स्टिरिओमध्ये ती जागा मिळते, तर मोनोत गायक आणि साथ एकमेकांच्या फार जवळ येऊन एकांताचा भास उणावतो. ‘जस्ट अ लिटल’मध्येही, जे कॉर्निश गातो, सूर परस्परांपासून सुटे ऐकू येणे सुखद वाटते. म्हणजे जेथे गाणे एकट्या माणसाचे आहे तेथे स्टिरिओ त्याला अंगण देते, आणि जेथे ते चौघांचे आहे तेथे मोनो त्यांना एका दाराने बाहेर काढते.

या विभागणीमागे बाजाराची कारणेही होती. 1966 मध्ये तरुण ग्राहक बहुधा मोनो प्रत घेत, कारण ती साधारण एका डॉलरने स्वस्त असे आणि घरातील फोनोला एकच स्पीकर असे. शिवाय गाणे लोकप्रिय व्हायचे ते मध्यम लहरींच्या रेडिओवर आणि मोटारीच्या डॅशबोर्डमधील एका लहानशा स्पीकरमधून, जो खर्जाचा बराच भाग व उच्च स्वरांचे बारकावे गिळून टाकी. मध्यम लहरींवर विविध भारती ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हा अनुभव परका वाटण्याचे कारण नाही. त्या एका जाळीतून आलेले गाणे अपुरे आहे असे त्याला कधी वाटले नव्हते. अशा स्पीकरमध्ये टिकण्यासाठी कॉम्प्रेशन वापरले जाई, म्हणजे मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणण्याची क्रिया, जिच्यामुळे गाणे सतत पुढे रेटत असल्यासारखे वाटते. 1967 मध्ये अमेरिकी कंपन्यांनी मोनोची किंमत वाढवून हा फरक मिटवला आणि पुढील वर्षापासून मोनो प्रती झपाट्याने मागे पडल्या, त्यामुळे पुढच्या पिढीला अनेक अल्बमांचे स्टिरिओ रूप हेच एकमेव रूप म्हणून ठाऊक झाले. प्रस्तुत लेखकाचा मूळचा समज हे याच विस्मृतीचे फळ होते.

या दोन पाठांचा भेद सर्वांत स्पष्ट होतो तो ‘गुड लव्हिन’’च्या अखेरीस. आकडे मोजून धडाक्याने सुरू झालेले, मध्ये ऑर्गनच्या एकल वादनाला वाट देणारे हे अडीच मिनिटांचे गाणे शेवटाकडे एकाएकी तुटते, संपले असे वाटते, आणि पुढच्याच क्षणी चौघेही पुन्हा उसळून येतात. ही युक्ती नाचणाऱ्यांसाठी आहे. उचललेला पाय हवेतच राहतो, हे तिचे सार्थक. स्टिरिओमध्ये त्या विरामात श्रोत्याचे लक्ष नकळत दोन स्पीकरांच्या मधल्या पोकळीत हिंडते, वाद्ये कोठून परततील याचा वेध घेते, आणि परतल्यावर कोण कोणत्या बाजूस आहे हे टिपते. मोनोमध्ये त्याला हिंडायला जागा नसते, म्हणून त्याच्यापाशी ‘कोठून’ हा प्रश्न उरतच नाही, उरतो तो फक्त ‘कधी’ हा. तरंगत्या क्लबात रात्रभर लोकांना नाचवून ज्यांनी आपली कला घडवली, त्या चौघांनी पहिल्या अल्बमात विचारलेला प्रश्न हाच होता, आणि स्टिरिओ ऐकताना त्याच्याकडे इतकी वर्षे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले नव्हते.