राक्षसाचा जीव पिकअपमध्ये

पिकअप म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे मार्केट यार्डात शिरणारी, टोमॅटोच्या क्रेट्सनी गळ्यापर्यंत भरलेली बोलेरो पिकअप. नाहीतर गल्लीबोळातून कुणाचं तरी कपाट आणि गाद्या घेऊन चाललेला ‘छोटा हत्ती’. ही इमेज जरा बाजूला ठेवा. कारण आपण चाललोय डिअरबॉर्नला. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, डेट्रॉईटला अगदी खेटून असलेलं गाव. इथे पिकअप म्हणजे ऑफिसला न्यायची, पोरांना शाळेत सोडायची आणि वीकएण्डला बोट मागे बांधून तळ्यावर न्यायची घरची गाडी.

आणि साइज? फोर्डची चार दारांची एफ-१५० घ्या. लांबी जवळपास ५.९ मीटर. आरशांसकट रुंदी २.४ मीटर. आपल्या सोसायटीत पार्क केली तर बोनेट तुमच्या जागेत आणि शेपूट शेजारच्या काकांच्या जागेत. पुढचं महाभारत तुम्हाला माहीत आहे.

मी उतरले होते फार्मिंग्टन हिल्सला, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे. हा सगळा पट्टा म्हणजे मराठी इंजिनीअर्सचं दुसरं पिंपरी-चिंचवड. ट्रॉय, नोवाय, कँटन, कुठेही जा, कुणीतरी सीओईपीचा भेटतोच. मैत्रिणीचा नवरा एका सप्लायर कंपनीत सीटच्या रेल्स डिझाइन करतो आणि अर्थातच पिकअप चालवतो. त्याची आई पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेली. त्यांना गाडीत चढायला फूटबोर्ड, हँडल आणि मुलाचा हात, तिन्ही लागतात. ‘‘अगं, ही गाडी आहे की माडी?’’ काकूंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. अख्ख्या ट्रिपमध्ये याहून नेमकं वर्णन मी ऐकलं नाही.

डिअरबॉर्नला जायचं ते रूजसाठी. रूज नदीच्या काठचा फोर्डचा हा कारखाना १९१७ ते १९२८ या काळात उभा राहिला. हेन्री फोर्डची आयडिया साधी आणि अचाट होती: एका टोकाला बोटीतून लोखंडाचं खनिज आणि कोळसा उतरवायचा, दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर काढायची. स्टील आपलं, काच आपली, वीजही आपली. १९३० च्या दशकात इथे एक लाखाच्या वर माणसं कामाला होती. म्हणजे कारखाना नाही, शहरच. आज ‘द हेन्री फोर्ड’ म्युझियमहून बस निघते आणि तुम्हाला थेट डिअरबॉर्न ट्रक प्लांटमध्ये नेऊन सोडते. २००४ साली सुरू झालेल्या या प्लांटच्या छपरावर १० एकरांहून मोठी बाग आहे. सेडम नावाची खुरटी, पाणी धरून ठेवणारी वनस्पती तिथे पसरलीय. ऑब्झर्वेशन डेकवरून ती हिरवी गोधडी दिसते आणि तिच्यामागे जुन्या चिमण्या. कॉन्ट्रास्ट सॉलिड आहे.

खरी मजा आतल्या वॉक-वेवर. तुम्ही वर, खाली असेंब्ली लाइन. केबिन झुलत येते, दरवाजे वेगळे निघून वेगळ्या वाटेने जातात आणि शेवटी बरोबर आपल्याच गाडीला येऊन भेटतात. मिनिटाला साधारण एक ट्रक तयार होतो. एका बाईंना मी दहा मिनिटं बघत होते. त्या डॅशबोर्डखाली वाकायच्या, काहीतरी बसवायच्या, सरळ व्हायच्या, दोन पावलं मागे यायच्या, की पुढची गाडी हजर. वर आम्ही ‘वॉव’ म्हणत होतो. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

आता जरा आकडे. एफ-सीरिजचे पिकअप फोर्डने १९४८ मॉडेलपासून बाजारात आणले. १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पिकअप म्हणजे हाच. २००४ साली एका वर्षात ९ लाख ३९ हजार विकले गेले! २०२४ मध्येही आकडा ७ लाख ६५ हजारांच्या घरात होता. समोर जनरल मोटर्सची शेव्हरोले सिल्व्हराडो आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा, आणि क्रायस्लरच्या घरातली रॅम. तिघांचाही नफा मुख्यतः याच गाड्यांवर. छोट्या कारमध्ये चिल्लर सुटते, खरा माल पिकअपमध्ये. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसा डेट्रॉईटचा जीव या ट्रकांमध्ये आहे. म्हणून दर पाच-सहा वर्षांनी पिकअपचं नवं रूप येतं तेव्हा इथे फक्त गाडीचं डिझाइन बदलत नसतं. कुणाला ओव्हरटाइम मिळणार आणि कुणाच्या घराचा हप्ता थकणार, हेही त्यात ठरत असतं.

मग जपानी कंपन्यांनी हा बाजार का नाही खाल्ला? कार तर त्यांनी केव्हाच खाल्ल्या. उत्तर आहे... कोंबडी! खोटं नाही सांगत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला. अमेरिकेने चिडून १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. बाकीचं यथावकाश विरलं, ट्रकवरचा ‘चिकन टॅक्स’ तेवढा उरला. या भिंतीआड डेट्रॉईटचे पिकअप निवांत मोठे होत गेले. गंमत म्हणजे नंतर फोर्डच याच करात अडकली. परदेशात बनवलेल्या छोट्या व्हॅन मागच्या सीट्स लावून ‘पॅसेंजर’ म्हणून आणायच्या आणि बंदरात उतरल्यावर सीट्स काढून टाकायच्या, असा जुगाड केल्याचं प्रकरण २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर्स भरून मिटवावं लागलं. जुगाड फक्त आपणच करतो असं कोण म्हणतं?

जपान्यांनी शेवटी भिंतीच्या आतच घर बांधलं. निसानने मिसिसिपीत टायटन बनवायला घेतली, टोयोटाने थेट टेक्ससच्या सॅन अँटोनिओत फॅक्टरी टाकली आणि २००७ ची अवाढव्य टुंड्रा आणली. टेक्सस म्हणजे पिकअपवाल्यांची पंढरी, तिथेच जाऊन दुकान मांडलं. पण पिकअपवाला सहसा गट बदलत नाही. आजोबा शेव्ही, बाबा शेव्ही, तर पोरगाही शेव्ही. टुंड्रा टिकली, पण डेट्रॉईटच्या तिघांच्या आकड्यांजवळ नाही पोचली. टायटन तर २०२४ च्या मॉडेलनंतर बंदच झाली.

आपल्या महिंद्राचंही इथे एक अर्धवट राहिलेलं स्वप्न आहे. २००० च्या दशकात महिंद्राचा डिझेल पिकअप अमेरिकेत विकायचा घाट घातला गेला, डीलरही जमवले गेले, पण गाडी काही आली नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे डेट्रॉईटजवळ ऑबर्न हिल्सला महिंद्राने ‘रॉक्सर’ नावाची शेतावर चालवायची गाडी जोडायला घेतली, तर ती जीपसारखी दिसते म्हणून जीपवाल्यांनी तक्रार ठोकली आणि २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला. मग डिझाइन बदलावं लागलं. या गल्लीत पाहुण्यांचं स्वागत असं होतं.

आणि आपापसातली भांडणं? ती तर जत्रेसारखी. जानेवारी २००८, डेट्रॉईट ऑटो शो. फोर्ड आणि डॉज, दोघांचे नवे पिकअप एकाच दिवशी. डॉजने काय करावं? लांब शिंगांच्या शंभराहून जास्त गायीबैलांचा कळप डाऊनटाऊनच्या रस्त्यांवरून आणला, नव्या रॅमच्या स्वागताला. गुरांना ब्रँडिंग वगैरे कळत नाही. भर कॅमेऱ्यांसमोर त्यातल्या काहींनी प्रेमाचे चाळे सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी बातमी त्याचीच.

पण त्या वर्षीचा खरा तमाशा पुढे होता. उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. मे महिन्यात सिव्हिक, कोरोला, कॅमरी, अकॉर्ड अशा चार जपानी कार एफ-सीरिजच्या पुढे निघून गेल्या. फोर्डने नव्या एफ-१५० चं लाँचिंग दोन महिने पुढे ढकललं. त्यात मंदी आली. एप्रिल २००९ च्या शेवटी क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत. फोर्ड कर्जावर कशीबशी तरली. चार वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, खुद्द डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. मैत्रिणीच्या नवऱ्याचा एक सीनियर सांगत होता, त्या काळात मिशिगनबाहेर नोकरी मिळालेला माणूस घर विकायलाही थांबत नव्हता, किल्ल्या बँकेला देऊन निघून जायचा.

एवढं पोळल्यावर कुणीही जपून खेळलं असतं. फोर्डने उलट केलं. २०१५ च्या एफ-१५० ची अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची! वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे तीनशेहून जास्त किलोने कमी. सर्वांत जास्त खपणाऱ्या गाडीवर असला प्रयोग म्हणजे चालत्या हॉटेलात मिसळीचा मसाला बदलण्यासारखं. शेव्हीने लगेच संधी साधली. २०१६ च्या जाहिरातीत दोन्ही ट्रकांच्या हौद्यात दगडी ब्लॉक्स ओतून फोर्डच्या हौद्याला कशी भोकं पडली ते दाखवलं. गिऱ्हाइकांनी जाहिरात बघितली आणि फोर्ड घेत राहिले. मग शेव्हीने २०१७ मध्ये नवी सिल्व्हराडो टेक्ससमध्ये हेलिकॉप्टरला टांगून आणली, महिन्याभरात रॅम नवा अवतार घेऊन आली. आत १२ इंची स्क्रीन, मागे रेलणाऱ्या सीट्स. दगडांपेक्षा हा आराम लोकांना जास्त भावला. २०१९ मध्ये रॅमने सिल्व्हराडोला मागे टाकलं. (सिएरा धरली तर जनरल मोटर्सच पुढे, हे शेव्हीवाले तुम्हाला न विचारता सांगतात.)

म्हणजे शर्यत वजन उचलण्याची होती, ती आता दिवाणखान्याची झाली. मागचं फळकूट कोण किती प्रकारे उघडतो यावरसुद्धा कॉम्पिटिशन! चामड्याच्या सीट्स, मसाज, काचेचं छप्पर घेतलं की किंमत ७५ हजार डॉलर्सच्या पार. हौद्यात मात्र ओरखडा नाही. मैत्रिणीच्या घरच्या ट्रकने मी असताना वाहिलेला सर्वांत जड माल म्हणजे पटेल ब्रदर्समधून आणलेली तांदळाची गोणी.

मला गाडी आवडली का? बसायला, हो. जबरी आवडली. पण तिच्यासमोरून चालताना नाही. काकू संध्याकाळी फिरायला निघायच्या तेव्हा सिग्नलला उभ्या ट्रकचं बोनेट त्यांच्या खांद्याला लागेल इतकं उंच. ड्रायव्हरला त्या दिसतात की नाही, कळायला मार्ग नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या सेफ्टी संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास मांडला: ४० इंचांहून उंच बोनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली, तर तो मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. दर रिडिझाइनला नाक आणखी उंच, आणखी रागीट करणाऱ्या डिझायनर्सना हा आकडा माहीत नसेल असं मला वाटत नाही. ते नाक विकलं जातं, एवढंच.

डेट्रॉईटला जाऊन एक गोष्ट चुकवू नका: इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समधली दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं. १९३२-३३ मध्ये त्याने रूज बघून २७ पॅनेल्स रंगवली, पैसे हेन्रीचा मुलगा एडसेल फोर्डने दिले. भिंतभर वाकलेली, ओढणारी, ढकलणारी माणसं. त्या डॅशबोर्डवाल्या बाईंची कंबर मला तिथे पुन्हा दिसली. शहर दिवाळखोर झालं तेव्हा या म्युझियमचा संग्रह विकायची वेळ आली होती. २०१४ मध्ये तो वाचवायला उभ्या राहिलेल्या निधीत तिन्ही कार कंपन्यांनी मिळून २ कोटी ६० लाख डॉलर्स घातले. ट्रकच्या पैशाने चित्रं वाचली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि आता? रूजच्याच आवारात एप्रिल २०२२ मध्ये इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंगची लाइन सुरू झाली होती. भविष्य वगैरे खूप बोललं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने ती लाइटनिंग थांबवत असल्याचं जाहीर केलं. रॅमने २०२५ मॉडेलमधून काढलेलं व्ही-८ हेमी इंजिन गिऱ्हाइकांच्या बोंबाबोंबीनंतर २०२६ साठी परत आणलं, वर गाडीच्या कुशीला निषेधाचा बिल्लाही लावला. लाइटनिंगवर काम करणाऱ्यांना फोर्डने शेजारच्या, पेट्रोल ट्रकच्या प्लांटमध्ये तिसऱ्या शिफ्टला घ्यायचं ठरवलं. अंतर म्हणाल तर चालत जाण्याइतकं.

टूरला वर्किंग डेला जा, वीकएण्डला लाइन बंद असू शकते. आणि नंतर डिअरबॉर्नच्या वॉरन ॲव्हेन्यूवर जेवा. रूजमध्ये कामाला आलेल्या लेबनीज, येमेनी कुटुंबांनी हे गाव वसवलंय. शवार्मा अफलातून. पार्किंग मात्र लवकर गाठा, अर्ध्या जागा दीड-दीड ट्रकांनी अडवलेल्या असतात.