जाळं ओढता ओढता

मुलांनो, तुम्ही कधी फुगे खाल्लेत का? हसू नका! रबराच्या फुग्यांबद्दल नाही बोलत मी. आमच्या वसई पट्ट्यात नाताळाला आणि लग्नकार्याला ख्रिस्ती घरांतून मैद्याचे गोल गोल फुगे तळतात. बाहेरून खरपूस आणि आतून जाळीदार. पूर्वी त्यांचं पीठ आंबवायला ताडी घालत. आता बहुतेक जण दुकानातून यीस्टची पुडी आणतात.

मी अर्नाळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा चौथीच्या वर्गात मी दोन वाट्यांत मैदा भिजवून ठेवला. एकात साखर आणि चिमूटभर यीस्ट घातलं, दुसऱ्यात फक्त साखर. तासाभरानं पहिल्या वाटीतलं पीठ टम्म फुगून काठापर्यंत आलं. दुसरं आपलं होतं तसंच बसून! मुलं वाटीभोवती गोळा झाली. मी सांगितलं, की यीस्ट हा एका पेशीचा जीव आहे. इतका लहान, की एक मिलिमीटरच्या रेघेवर सुमारे दोनशे पेशी ओळीनं बसतील. तो साखर खातो आणि वायू सोडतो, त्या वायूनं पीठ फुगतं.

"पण बाई, काय करायचं ते त्याला कळतं कसं?" एकानं विचारलं.

"त्याच्या पेशीत लिहिलेलं असतं," मी म्हटलं.

"मग ते वाचतं कोण?"

झालं! बाईंची दांडी गुल! माझं शिक्षण डी.एड.चं. "उद्या सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. माझी एक मैत्रीण कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिच्याकडून पुस्तकं आणली आणि रविवारी वाचायला बसले.

त्याच आठवड्यात वर्गात आणखी एक गोष्ट घडली. ती सांगायला मला जरा लाज वाटते, पण सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे बाबा मासेमारीला जातात. श्रुतलेखन घेतलं, की तिचं हमखास अर्धं राहायचं. एक ओळ लिहायची, थांबायची, वाचायची, चुकलेलं खोडायची आणि मग पुढे जायची. मी दहा वेळा सांगितलं, "आधी सगळं लिहून घे. चुका मागाहून सुधार." ती मान डोलवायची आणि पुन्हा तसंच. त्या दिवशी माझा धीर सुटला. सगळ्या वर्गासमोर मी तिचं खोडरबर काढून घेतलं. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "बाई, बाबा जाळं ओढतानाच घाण काढतात. मागाहून काढली तर गुंता होतो." मी म्हटलं, "जाळं वेगळं, वही वेगळी!" आणि पुढचं वाक्य सांगायला लागले.

रविवारी पुस्तक उघडलं आणि त्या मुलीचंच वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

ऐका कसं ते. पेशीतला डीएनए म्हणजे एक भलं मोठं पुस्तक. त्यात चारच अक्षरं: ए, टी, जी, सी. १९९६ साली यीस्टचं हे सगळं पुस्तक वाचून झालं. सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि जवळजवळ ६,००० धडे! धडा म्हणजे जनुक. मूळ पुस्तक पेशी जागचं हलवत नाही. लागेल त्या धड्याची नक्कल करून घेते. या नकलेला म्हणतात आरएनए, आणि नक्कल करणाऱ्या यंत्राला आरएनए पॉलिमरेज. यीस्टमधलं हे यंत्र नेमकं कसं दिसतं ते शोधून काढलं रॉजर कॉर्नबर्ग यांनी. त्यासाठी त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. 'वाचतं कोण?' याचं उत्तर मला मिळालं!

पण पुढे गंमत आहे. समजा, धड्यात असं लिहिलंय: 'आज समुद्राला गुडगुडगुडगुड भरती आली.' मधलं गुडगुड नको आहे. अशा नकोशा तुकड्याला इन्ट्रॉन म्हणतात. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांनी तो १९७७ साली शोधला आणि १९९३ साली त्यांनाही नोबेल मिळालं. नकलेत हा तुकडाही उतरतो. मग तो कापून दोन्ही टोकं जोडावी लागतात. या कामाला म्हणतात स्प्लाइसिंग. यीस्टमध्ये असे तुकडे असलेले धडे तीनशेच्या आतबाहेरच आहेत. पण त्यातले बरेचसे पेशीला सारखे लागणारे, प्रथिनं बनवणारे कारखाने उभारण्याचे. कापायची जागा एका अक्षरानं जरी चुकली तरी 'आज समुद्राला रती आली' असं काहीतरी व्हायचं!

आणि ही चूक गमतीची नसते, बरं का. पालकांनीही हे जरूर वाचावं. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार तुम्ही ऐकला असेल. त्यात काही मुलांना जन्मभर दर थोड्या आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. भारतात या आजाराचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे एका इन्ट्रॉनच्या सुरुवातीच्या पाचव्या अक्षरात जी च्या जागी आलेला सी. एवढ्यानं कापायची जागा नीट ओळखू येत नाही. आईवडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी केली, की आपण वाहक आहोत का ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. हे कापणं होतं कधी? पूर्ण नक्कल झाल्यावर, की नक्कल चालू असतानाच? यीस्टचे धडे लहान. यंत्र मिनिटाला हजार-दोन हजार अक्षरं उतरवतं. त्यामुळे यीस्टमध्ये बरंचसं कापणं मागाहून होत असावं, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. अगदी माझ्यासारखंच! 'आधी सगळं लिहून घे.'

पण २०१० साली एडिंबरा इथल्या जीन बेग्ज यांच्या प्रयोगशाळेला दिसलं, की इन्ट्रॉनच्या शेवटाजवळ नक्कल करणारं यंत्र चक्क थबकतं. कापणं बंद पाडलं तर थबकणंही बंद. म्हणजे लिहिणारा कापणाऱ्यासाठी थांबत होता! २०१६ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या कार्ला न्यूगेबाउअर यांच्या गटानं आणखी बारकाईनं मोजलं. यंत्र इन्ट्रॉनच्या पुढे जेमतेम ४५ अक्षरं गेलं, की निम्म्या नकला कापून, जोडून तयार! आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उषा विजयराघवन यांनीही यीस्टमधल्या या कापाकापीच्या कारागिरांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे.

पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. समोर बेटावरचा किल्ला दिसत होता. काठाजवळच एका होडीत दोघं जण जाळं ओढून घेत होते. एक ओढत होता. दुसरा तिथल्या तिथे शेवाळ, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकत होता. मध्येच काहीतरी घट्ट अडकलं, तसा ओढणाऱ्यानं हात थांबवला. सुटल्यावर पुन्हा ओढायला लागला. दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही. मी किती वर्षं या किनाऱ्यावर येते आहे, पण हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सोमवारी मी वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी बाईंचं चुकलं." खोडरबर तिच्या हातात दिलं आणि यीस्टची गोष्ट फळ्यावर चित्र काढून सांगितली. जाळ्याची उपमा कुणाची, तेही सांगितलं. ती खाली मान घालून हसत होती.

पण थांबा, गोष्ट इथेच संपत नाही. बेग्ज यांच्याच प्रयोगशाळेनं २०१८ साली आणखी एक प्रयोग केला. नक्कल करणारं यंत्र मुद्दाम वेगानं पळवलं, तेव्हा कापण्यात चुका वाढल्या. आणि मुद्दाम हळू केलं, तेव्हा? तेव्हाही चुका वाढल्या! वेग जमायला हवा.

म्हणून आम्ही दोघींनी एक करार केला. मी एक वाक्य सांगून थोडं थांबायचं, आणि तिनं एका ओळीला एकदाच मागे वळून पाहायचं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घाई केली आणि तिनं तीनदा खोडलं. तिसऱ्या आठवड्यात तिचं श्रुतलेखन पहिल्यांदा पूर्ण झालं. चार चुका होत्या. इतर मुलांच्याही चुका कमी झाल्या, कारण थांबणं त्यांनाही हवंच होतं. त्यांनी मागितलं नव्हतं, इतकंच.

मुलांनो, आता तुम्ही घरी एक करून पाहा. भावंडाला एक परिच्छेद हळूहळू वाचायला सांगा आणि मध्ये मध्ये 'गुडगुड' घालायला लावा. एकदा सगळं लिहून मग गुडगुड खोडा. दुसऱ्यांदा लिहिता लिहिताच खोडा. कशात कमी चुका झाल्या आणि कशात जास्त वेळ लागला, ते वहीत मांडा. आणि बाई वर्गात फार घाई करत असतील, तर हात वर करून सांगा, "बाई, जरा थांबा ना!"

रागावल्या, तर त्यांना यीस्टची गोष्ट सांगा.