उद्यमनगरातील जुना लेथ

मिरजेहून कोल्हापूरकडे जाणारी सकाळची गाडी जयसिंगपूर सोडते, तेव्हा डब्यात विद्यार्थ्यांपेक्षा पिशव्या सांभाळणारे व्यापारीच अधिक दिसतात. हातकणंगले आले की बाहुबलीच्या दिशेने कितीतरी हात नकळत जोडले जातात. रुकडीनंतर पंचगंगेचा पूल लागतो, आणि उसाची शेते मागे पडून कोल्हापूर सुरू होते. फाल्गुनातल्या एका सकाळी या गाडीत जयसिंगपूरचे एक दुकानदार, त्यांचा मुलगा आणि शेजारचे निवृत्त टर्नर मिस्त्री असे तिघे बसले होते. कापडी पिशवीत दशम्यांचा डबा होता आणि दुकानदारांच्या, म्हणजे अण्णांच्या, बंडीच्या आतल्या खिशात एका वहीच्या पानावर लिहिलेला आकडा होता : 1,80,000.

अण्णांचे दुकान शेतीपंपाच्या सुट्या भागांचे. गिऱ्हाईक झिजलेला शाफ्ट घेऊन येई. तो कातकामासाठी बाहेर पाठवावा लागे आणि दोन दिवस शेतकऱ्याचे पाणी थांबे. मुलाने आयटीआयमधून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा केला होता. दुकानामागे पत्र्याची एक खोली रिकामी होती. घरात लेथचा विषय निघाला तेव्हा आजीने एकच विचारले, "त्याला भट्टी लागते का?" व्यापारात अंगारकर्म नको, हा त्या घरचा जुना दंडक. लेथवर लोखंड थंडच कातले जाते, हे नातवाने समजावल्यावर तिने आपल्या ठेवीतले 40,000 काढून दिले. बाकीची रक्कम हंगामाचा माल भरण्यासाठी राखलेली होती. ती चुकीच्या यंत्रात अडकली असती, तर ऐन उन्हाळ्यात दुकानाची फळी रिकामी राहिली असती. मनाजोगा नवा लेथ या पैशांत बसत नव्हता, म्हणून जुना.

जुन्या यंत्रासाठी कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर हे योग्य ठिकाण आहे, आणि त्याला कारण आहे. गुऱ्हाळांचे चरक आणि पाणी उपसणारी तेलाची इंजिने दुरुस्त करता करता येथील मिस्त्री स्वतःच ती घडवू लागले. त्यातून ओतकाम आणि यंत्रकामाची ही वसाहत वाढली. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे मोठ्या औद्योगिक वसाहती झाल्या, संगणकावर चालणारी यंत्रे आली, आणि हाताने चालवायचे लेथ एकेक करून कोपऱ्यात सरकले. असे लेथ काही दलालांच्या गोदामात येतात, काही भंगारात जातात, काही मात्र मालक हात फिरवण्यापुरते ठेवतो आणि विचारणाऱ्यालाच दाखवतो.

उद्यमनगराच्या गल्ल्या अरुंद आहेत. एका दारातून ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, शेजारच्या दारात बेअरिंगांची खोकी रचलेली असतात, आणि कापलेल्या लोखंडाचा व गरम तेलाचा वास सगळीकडे सारखाच असतो. येथे लेथ ओळखतात तो बेडच्या फुटांवरून आणि बनावटीवरून. राजकोट आणि बटाल्याचे लेथ पुष्कळ. बंगळुरूच्या एचएमटीचे भारी, पण महाग. आणि हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा 'एंटरप्राइझ', ज्याचा कारखाना बंद पडून वर्षे लोटली तरी जुने टर्नर त्याचे नाव आदराने घेतात.

पहिला लेथ एका दलालाच्या गोदामात होता. नवा कोरा निळा रंग, चमकते हँडल, मागणी 1,35,000. मुलाचे डोळे तेथेच थांबले. मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेही नाही. त्यांनी सॅडल चकाजवळ आणली आणि हाताने हलवून पाहिली. ती किंचित डुलत होती. पान्याने तिची पट्टी आवळून डुलणे बंद केले आणि चाक फिरवीत सॅडल टेलस्टॉककडे नेऊ लागले. निम्म्या वाटेवर ती अडकली.

"अण्णा, या लेथनं जन्मभर आखूड जॉब केलेत," मिस्त्री म्हणाले. "चकाजवळचा हात-दीड हात बेड झिजलाय. पलीकडचा तसाच आहे. ढिली ठेवली तर इकडं थरथरते, आवळली तर तिकडं जाम होते."

दलालाने लगेच दहा हजार उतरवले. व्यापारी माणसाला अशा वेळी मोह होतो, कारण उतरलेली किंमत त्याला कमाईसारखी भासते. परंतु झिजलेला बेड पुन्हा घासून सरळ करवून घेण्याचा खर्च उरलेल्या बजेटमध्ये बसणारा नव्हता. अण्णांनी नमस्कार केला आणि बाहेर पडले.

दुपारी शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात दर्शन झाले, दशम्या संपल्या, आणि तिघे पुन्हा उद्यमनगरात आले. एका वृद्ध कारागिराचे वर्कशॉप बंद होणार असल्याचे सकाळी चहाच्या टपरीवर कळले होते. मुले पुण्याला स्थायिक झाली होती. आत फिकट हिरवा, जागोजागी रंग उडालेला सहा फुटी एंटरप्राइझ उभा होता. वीज चालू होती, हे महत्त्वाचे. बंद यंत्र कोणीही चांगले म्हणून विकू शकतो.

मिस्त्रींनी प्रत्येक वेगावर गिअरचा आवाज ऐकला. चकात जाड सळई धरून तिच्याखाली लाकडी दांडका घातला आणि वर रेटले. डायलचा काटा जेमतेम हलला, म्हणजे स्पिंडलचे बेअरिंग शाबूत होते. लीड स्क्रूचे आटे चकाजवळ थोडे बारीक झाले होते. मग मुलाला पुढे करून त्यांनी सळईवर हलका काप घ्यायला लावला. सहा इंचांत दोन टोकांचा फरक मायक्रोमीटरवर निघाला 0.03 मिलिमीटर. पंपाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा कातताना एवढा फरक हिशेबात धरून काम करता येते.

मालक इतका वेळ स्टुलावर बसून होते. आता ते उठले आणि हेडस्टॉकचे झाकण उघडून म्हणाले, "बॅक गिअरचा हा एक दात भरून घेतलेला आहे. आणि चार जबड्यांचा चक नाही, गेल्या वर्षी विकला. नंतर कळण्यापेक्षा आत्ता बघा."

मागणी 1,50,000 होती. अण्णांनी आयुष्यभर घासाघीस केलेली. पण येथे त्यांचा स्वर खाली आला. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी 1,32,000 ठरले, स्टेडीसह, पक्क्या बिलावर, यंत्राचा क्रमांक लिहून. इसार म्हणून दहा हजार दिले.

वहीच्या त्याच पानावर मुलाने उरलेले 48,000 मांडले. चार जबड्यांचा जुना चक आणि टूलपोस्ट 18,000. क्रेन व टेम्पो 9,000, कारण हे धूड टनाच्या आसपासचे. पाया आणि थ्री फेजची जोडणी 15,000. हत्यारांना राहिले 6,000. अण्णांनी आकडे दोनदा तपासले. फळी भरण्याचा माल या हंगामात उधारीवर उचलावा लागणार होता, आणि उधारीचा माल त्यांनी आजवर कधी उचलला नव्हता.

सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला हवे म्हणून स्टेशनच्या फलाटावरच केळी आणि भाजलेले शेंगदाणे आटोपले. मुलाने हात दोनदा धुतले, तरी बोटांना तेलाचा वास होताच.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. पायाचे काँक्रीट अजून पक्के झाले नव्हते. बेड पाणसळीने समतल केल्यावाचून चालवायचे नाही, असे मिस्त्रींनी बजावले होते. तोवर लेथ दुकानामागे ताडपत्रीखाली राहिला. आजीने हेडस्टॉकवर कुंकवाने स्वस्तिक काढले. भिंतीशी दोन झिजलेले शाफ्ट टेकवून ठेवले होते, गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठ्या सुतळीने बांधून.