'आव्वार' शिकवताना मराठी बाजूला ठेवू नका



फ्रेंच घेतलेल्या मुलांचे पालक मला नेहमी म्हणतात, "बाई, घरी आम्ही मराठीच बोलतो. तिला इंग्रजीतूनच विचार करायला सांगतो, म्हणजे फ्रेंच सोपं जाईल." ऐकायला पटतं. पण निदान 'आव्वार' या क्रियापदाच्या बाबतीत मला वाटतं, मराठीच जास्त उपयोगी पडते. कसं ते बघा.

आव्वार म्हणजे 'जवळ असणे'. आपण हे किती प्रकारे म्हणतो? माझ्याकडे वही आहे. मला भाऊ आहे. माझ्या अंगात ताप आहे. नातं, वस्तू, आजार, प्रत्येकाची रचना वेगळी. फ्रेंचमध्ये या तिन्ही वाक्यांची सुरुवात एकच, 'झे'. मुलांना ही तीन वाक्यं फळ्यावर लिहून दाखवली की त्यांच्या लगेच लक्षात येतं, की एवढ्या सगळ्यांचं काम हे एकटं क्रियापद करतं.

आता रूपं. 'झे' मधला झ 'मेझर' सारखा आणि खालचा ज 'जाड' मधला वाचा.

माझ्याकडे आहे – झे
तुझ्याकडे आहे – त्यू आ
त्याच्याकडे आहे – इल आ (तिच्याकडे – एल आ)
आमच्याकडे आहे – नू जाव्हों
तुमच्याकडे आहे – वू जाव्हे
त्यांच्याकडे आहे – इल जों

ही सहा रूपं मुलं दोन दिवसांत घडाघडा म्हणतात. अडतात ती वाक्यात, आणि त्याचं कारण आपल्या मराठीत आहे. 'माझ्याकडे एक वही आहे', पण 'तीन वह्या आहेत'. म्हणजे मराठी क्रियापद वस्तूकडे बघून बदलतं. फ्रेंच क्रियापद मालकाकडे बघतं. 'झे अं काये' म्हणजे माझ्याकडे एक वही आहे, 'झे त्र्वा काये' म्हणजे तीन वह्या. 'झे' जागचं हललं नाही. पण मालक बदलून 'आम्ही' केलं, की वही एकच असली तरी लगेच 'नू जाव्हों'. हा फरक मराठीतून एकदा समजला की पाठांतराला अर्थ येतो.

इंग्रजीच्या वाटेने गेलेली मुलं वयाच्या वाक्यात हमखास फसतात. 'आय अ‍ॅम ट्वेल्व्ह' डोक्यात असतं, म्हणून ती 'असणे'चं क्रियापद वापरून 'झ स्वी' असं लिहितात. फ्रेंच माणूस म्हणतो 'झे दूज आं', शब्दशः 'माझ्याकडे बारा वर्षं आहेत'. भूक लागली तर 'झे फँ', तहान लागली तर 'झे स्वाफ'. वय, भूक, तहान हे सगळं त्याच्या 'जवळ' असतं. मुलं यावर खूप हसतात, आणि हसलेलं विसरत नाहीत.

एक गंमत वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगा. फ्रेंच ज्या लॅटिनपासून आली, तिच्यात दोन्ही सोयी होत्या. आपल्यासारखं 'मला पुस्तक आहे' असंही म्हणता येई, आणि 'हाबेरे' हे स्वतंत्र क्रियापदही होतं. आव्वार आलं ते या हाबेरेपासून. तेव्हा आपली रचना काही विचित्र नाही.

आणखी एक जागा कानाने सांभाळायची. 'इल जों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इल सों' म्हणजे ते आहेत. ज आणि स एवढाच फरक, म्हणून हे मोठ्याने म्हणून घ्यावं लागतं.

एवढा जोर का? कारण पुढे भूतकाळ येतो. 'मी खाल्लं' म्हणजे 'झे मांझे'. जाणं-येणं अशी थोडी क्रियापदं आणि 'स्वतःला' काही करण्याची क्रियापदं 'असणे'बरोबर जातात, बाकी बहुतेक सगळ्यांच्या भूतकाळात आव्वार पुढे उभं असतं. ही सहा रूपं कच्ची राहिली तर सगळा भूतकाळ डळमळतो. मग मूल म्हणतं, "मला फ्रेंच जमतच नाही," आणि विषय सोडायच्या गोष्टी सुरू होतात.

पालकांनो, तुम्हाला फ्रेंच येत नसलं तरी चालेल. रात्री जेवताना मराठीत वाक्यं द्या: "आजीकडे दोन चष्मे आहेत", "आमच्याकडे एक सायकल आहे". चष्म्याचा फ्रेंच शब्द आला नाही तरी राहू द्या. मुलाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: मालक कोण, आणि त्याचं रूप कोणतं. वरची यादी बघून तुम्हाला उत्तर तपासता येईल. रोज पाच वाक्यं पुरेत.