नांगरलेले जहाज

आमचे दरेकसा डोंगर-जंगलातले गाव. पावसाळ्यात कोसळणारा हाजरा फॉल, एवढेच मी पाहिलेले मोठे पाणी. समुद्र अजून पाहिलेला नाही. अशा माणसाने जहाजावर लिहावे, याचे मलाच हसू येते. पण इतिहासाच्या तासाला सरांनी 'तटस्थ राष्ट्र' समजावताना गोव्याची हकीकत सांगितली आणि ती डोक्यातून जाईना.

१९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि 'द्राखेनफेल्स' ही जर्मन मालवाहू जहाजे मुरगाव बंदरात आश्रयाला आली. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. बंदरात कुणी हात लावणार नाही. बाहेर पडावे तर इंग्रजांचे आरमार! पुढे इटलीचे 'अनफोरा'ही त्यांच्यात अडकले. साडेतीन वर्षे ही माणसे उघडा समुद्र बघत बसून राहिली. शत्रू चढून आलाच तर जहाज बुडवायचे, अशी तयारी होती. म्हणजे जिथे जेवायचे, निजायचे, तेच आपल्या हाताने बुडवायचे!

'एरेनफेल्स'वरून बिनतारी यंत्राने जर्मन पाणबुड्यांना खबर जाते, असा इंग्रजांना संशय होता. उघड सैन्य पाठवावे तर तटस्थता मोडते. म्हणून कलकत्त्याच्या 'लाइट हॉर्स' आणि 'स्कॉटिश' या हौशी पलटणींतले अठरा जण निवडले. बहुतेक उतारवयाकडे झुकलेले, कचेऱ्यांत काम करणारे. 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून ते ९ मार्च १९४३ च्या रात्री आले. कार्निव्हलची शेवटची रात्र; बरेच खलाशी किनाऱ्यावर मेजवानीला. झटापटीत 'एरेनफेल्स'चा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी जहाज बुडवले. ते पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्यांनीही तेच केले. हल्लेखोर निसटले. त्यांनाही पदक मिळाले नाही, कारण गोष्ट गुप्तच ठेवायची होती. १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक आले तेव्हा ती लोकांपुढे आली. दोन वर्षांनी चित्रपटही निघाला. पुस्तक काय, चित्रपट काय, कहाणी चढून आलेल्यांची. बसून राहिलेल्यांची कोण सांगणार?

हे सारे मी एका रात्री बाबांना सांगितले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. २०२० च्या टाळेबंदीत ते हैदराबादला बांधकामावर अडकले होते. काम बंद, गाड्या बंद. त्या अर्धवट इमारतीतच दीड महिना राहिले. आमच्या स्टेशनावरून तेव्हा मालगाड्याच जात, तरी आई प्रत्येक गाडीच्या आवाजाला दाराशी येई.

बाबांनी पाणबुड्यांचे विचारले नाही, पदकांचेही नाही. विडी विझवून म्हणाले, "मंग ते घरी गेले का नाही?"

मी म्हणालो, "वाचले त्यांना गोव्यातच तुरुंगात टाकलं. लढाई संपेपर्यंत."

लढाई कधी संपली ते त्यांनी मला विचारले. मी १९४५ म्हणालो. त्यांनी एकोणचाळीसपासून बोटांवर मोजले. सहा वर्षे भरली. मग काही न बोलता ते बाहेर जाऊन उभे राहिले. बोगद्याकडून मालगाडी येत होती.