ट्रॅक्टर उभा, ओंडका चालता

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नारळ-पोफळींची मोजदाद झाली, पंचनामे झाले. पण वाडीच्या वरच्या अंगाला, उतारावर आणि व्हाळाच्या काठाने जे जुने रायवळ आंबे, फणस आणि ऐन मुळासकट उपटले गेले, ते होते तिथेच पडून राहिले. पोफळ दोन माणसं खांद्यावर टाकून बाजूला करतात. कवेत न मावणारा रायवळ कोण हलवणार?

आणि हलवायचा तर लवकर हलवायला हवा होता. पाऊस तोंडावर होता. आंब्याचं ओलं लाकूड पावसात पडून राहिलं की सालीखाली किडा शिरतो, लाकूड निळं-काळं पडतं, आणि मग सॉ मिलवाला ते फळ्यांना घेत नाही. ज्याच्या पेट्या, पाट, फळ्या झाल्या असत्या त्याचं सरपण होतं. आमच्या उतारावरचे आंबे आजोबांच्याही आधीचे होते. त्यांचं सरपण होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

वाडीत जेसीबी घालायचा तर गडगे पाडावे लागतात, पाणंद फोडावी लागते. शिवाय ज्या पोफळी वादळातून उभ्या राहिल्या त्यांची मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. ती त्या वजनाखाली चेंगरली की उरलेली बागही हातची जाते. बैलजोड्या गावातून केव्हाच गेल्या. लॉकडाऊनमुळे बाहेरची माणसं मिळत नव्हती. दारात होता तो माझा १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर, वजनाने पाऊण टनाच्या थोडा वर. दोन पोफळींच्या मधून तो आरामात जातो. बागायतदाराने छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तो यासाठीच.

पण जातो म्हणजे ओढतो असं नाही. ट्रॅक्टर किती ओढेल हे इंजिनापेक्षा चाकांच्या पकडीवर ठरतं, आणि पकड वजनावर. ओल्या मातीवर एवढासा ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्मंसुद्धा ओढेल याची खात्री नसते. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात आणि चर खणतात. आंब्याचा दहा फुटी, वीस इंच जाडीचा ओला ओंडका पाचशे किलोच्या पुढे भरतो. सपाटीवर घासत न्यायलाही त्याच्या निम्म्याहून अधिक जोर लागतो. चढावर त्याहून जास्त, आणि वाटेत खुंट आडवा आला तर विचारूच नये.

त्यात जिवाचा धोका आहे. दोर किंवा साखळी मागच्या ॲक्सलपेक्षा उंचावर बांधली आणि ओंडका कुठे अडला, तर चाक फिरायचं थांबतं आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरू लागतो. पुढची चाकं उचलली जातात आणि चालकाला क्लच दाबायचं सुचेपर्यंत ट्रॅक्टर त्याच्या अंगावर आलेला असतो. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात टॉप लिंकच्या जागी, म्हणजे ॲक्सलच्या वर, साखळी अडकवून नारळाचं खोड ओढताना एका ट्रॅक्टरचं तोंड असंच वर गेलं. साखळीचा हूक सुटला म्हणून माणूस वाचला.

या सगळ्यावर उपाय एकच: ट्रॅक्टरने जागा सोडायची नाही. तो उभा राहील, जमिनीत पाय रोवील, आणि त्याच्या पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, फिरणारा ड्रम दोर गुंडाळत ओंडक्याला आपल्याकडे आणील. फिनलंड, स्लोव्हेनियासारख्या जंगलांच्या देशांत असे विंच कारखान्यांत बनतात आणि तिथले शेतकरी ते नांगर-रोटाव्हेटरसारखे मागे जोडतात. आमच्याकडच्या अवजारांच्या दुकानांत ते नव्हते. दुकानदाराने जीपला लावतात तो बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक विंच सुचवला. चिखलात रुतलेली गाडी काढायला तो चांगला आहे. पण पूर्ण भारावर असा विंच तीनशे-चारशे अँपिअर करंट मागतो आणि छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर चाळीसच्या आसपास देतो. दिवसभर ओंडके ओढायचे तर बॅटरीही बसेल आणि मोटरही जळेल. जोर पीटीओकडूनच घ्यायला हवा होता.

वादळानंतर आमच्याकडे वीज नव्हती आणि वेल्डिंगला ती लागणार होती, म्हणून माणगावच्या बाजूला एका गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, खेचायचं किती?" मी म्हटलं, "एक टन." त्यांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात अजून पक्का बसलेला आहे: "आणि खेचून झाल्यावर धरून किती ठेवायचं?" उतारावर अर्ध्या वाटेत ओंडका थांबवला तर त्याला धरून ठेवणारा ब्रेक हवा, नाहीतर तो दोरासकट मागे धावणार. या प्रश्नातूनच सगळी रचना ठरली.

मिस्त्रींनी भंगारातून जुन्या जीपचं मागचं ॲक्सल हाऊसिंग काढलं. त्यात गिअर आयता होता. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणजे पीटीओचे साधारण ५.४ फेरे होतील तेव्हा ड्रमचा एक. ब्रेकही आयता मिळाला, जीपचा ड्रमब्रेक. डिफ्रेन्शियलमधले छोटे गिअर वेल्डिंगने जाम केले. तसं केलं नाही तर हाऊसिंगची एक बाजू बंद केल्यावर दुसरी दुप्पट वेगाने फिरते आणि जोर निम्मा होतो. एका बाजूची नळी कापून झाकण लावलं. दुसऱ्या बाजूच्या हबवर पाच इंची जाड पाइपचा ड्रम आणि दोन्ही कडांना प्लेटच्या चकत्या बसवल्या. हाऊसिंग थोडं बाजूला सरकवल्यामुळे ड्रम बरोबर मध्यभागी आला. पीटीओ शाफ्ट रोटाव्हेटरचाच घेतला, त्याला येणारा तिरकेपणा दोन्ही टोकांच्या क्रॉसवर गेला. शाफ्टच्या जोडावर मुद्दाम कमी ताकदीचा शिअर बोल्ट टाकला. अतिभार आला की तुटायचा तो बोल्ट, गिअर किंवा दोर नाही.

चॅनेलची चौकट ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट जोडणीला बसेल अशी केली आणि तिच्या तळाला जाड प्लेटचं रुंद पातं, त्याला खाली दोन दात. ड्रमवरून दोर थेट ओंडक्याकडे जात नाही. आधी तो खाली, पात्याच्या अगदी वर बसवलेल्या पुलीतून निघतो. साऱ्या जोडणीचा जीव या पुलीत आहे. ओढ जमिनीलगत, ॲक्सलच्या बरीच खाली येते. हायड्रॉलिक सोडलं की पातं मातीत टेकतं, आणि दोराला ताण येईल तसं ते आणखी खोल रुततं. भार चाकांवर न येता पात्यावर जातो. ट्रॅक्टरची पकड कमी असली तरी मग बिघडत नाही.

दोर १० मिलिमीटरचा पोलादी वायररोप घेतला. तो नेहमीच्या भाराच्या पाचपट तरी सोसणारा हवा. टोकाचा फास आवळताना मिस्त्रींनी गॅरेजातल्या पोराला थांबवून क्लॅम्प उलटे फिरवायला लावले. क्लॅम्पची खोगिरासारखी बाजू भार घेणाऱ्या दोरावर बसली पाहिजे आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकावर. उलटं झालं तर यू-बोल्ट भाराच्याच दोराला चावतो. ट्रॅक्टरच्या सीटमागे जाड जाळी उभी केली आणि ब्रेकचा दांडा सीटवरून हाताला येईल असा लावला.

पहिला मोठा ओंडका व्हाळातून काढायचा होता. आमच्याकडे लाकूडतोडीला नेहमी येणारे एक कातकरी दादा सोबत होते. विंच त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण ओंडका कसा चालतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी ओंडक्याभोवती एक फेरी मारली. कुठला भाग जमिनीत रुतलाय, सोडल्यावर तो कुठे लोळेल, हे पाहिलं. मग कटरने त्याच्या पुढच्या तोंडाच्या कडा तासून गोल केल्या. चौकोनी तोंड मातीत नांगरासारखं घुसतं. गोल केलं की दगडावरून, मुळावरून चढून जातं. वादळात पडलेल्या पोफळींचे तुकडे त्यांनी रुळांसारखे वाटेवर आडवे टाकले. साखळीचा फास तोंडापासून हातभर मागे घेतला आणि गाठ वरच्या अंगाला ठेवली, म्हणजे ओढ बसताच तोंड किंचित उचललं जाईल.

व्हाळ आणि ट्रॅक्टर सरळ रेषेत नव्हते, मध्ये उभ्या पोफळी होत्या. म्हणून वळणावर एका जुन्या ऐनाच्या बुडाशी रुंद पट्टा बांधून त्यात पुली अडकवली. सालीला इजा होऊ नये म्हणून पट्ट्याखाली गोणपाट घातलं. अशा पुलीवर दोन्ही दोरांचा भार येतो. एक टनाची ओढ असेल तर वळणाप्रमाणे तो दोन टनांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे बांधायचं ते झाडाच्या बुडाशी आणि जिवंत, घट्ट मुळांच्या झाडालाच. हीच पुली ओंडक्याला बांधून दोर परत आणला तर वेग निम्मा आणि जोर दुप्पट मिळतो. रुतलेला बुंधा सुटायला तेवढं पुरतं.

मी इंजिन हळू ठेवलं, पीटीओ टाकला, क्लच सावकाश सोडला. दोर मातीतून वर आला आणि ताठ झाला. पातं चार बोटं खाली गेलं. ओंडका एकदा कण्हल्यासारखा करकरला, चिखलाने धरलेली त्याची खालची बाजू सुटली आणि तो पहिल्या रुळावर चढला. मागचं चाक तसूभरही फिरलं नव्हतं. दादांनी माझ्या पुतण्याला दोराच्या वळणाच्या आतून ओढून बाहेर काढलं. "दोराच्या पोटात उभं राहायचं नाही," ते म्हणाले. पुली निसटली तर दोर ज्या बाजूला झेपावेल ती ही बाजू, आणि कुठल्याही पुस्तकाशिवाय त्यांनी ती ओळखली.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टींना सूट नाही. ताणलेल्या दोरावर मधोमध एक भिजवलेलं गोणपाट टाकायचं, म्हणजे दोर तुटलाच तर त्याचा झटका मरतो. ड्रमवर तीन वेढे कायम ठेवायचे. चामडी हातमोजे हवेतच, कारण जुन्या दोराच्या तुटक्या तारा बोटात सुईसारख्या घुसतात. फिरत्या शाफ्टवर आवरण असल्याशिवाय पीटीओ टाकायचा नाही आणि पंचा, ओढणी, सैल बाही घेऊन कुणी जवळ यायचं नाही. वर खेचताना ओंडक्याच्या खालच्या अंगाला माणूस नको. हाताच्या खुणा एकाच माणसाने करायच्या; थांबायची खूण मात्र कुणीही केली तरी थांबायचं.

त्या पावसाळ्यात रायवळांचे बरेचसे बुंधे वेळेत पाणंदीपर्यंत आले आणि त्यांच्या फळ्या झाल्या. ओढलेल्या वाटेवर एक उथळ चर उरला, त्यावर श्रावणात गवत आलं. एकही उभी पोफळ दुखावली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विंच तयार होता. आमचं आवरल्यावर तो आळीतल्या वाड्यांत फिरला.

वादळ आलं की कोकणात मदत येते ती रस्त्यावरून, मोठ्या यंत्रांसकट. रस्ते मोकळे होतात, ते व्हायलाच हवेत. पण आमची बाग रस्त्यावर नाही, ती गडग्याच्या आत आहे. तिथे पोहोचणारं यंत्र छोट्या ट्रॅक्टरच्या मागेच जोडावं लागेल. गावाच्या अवजार बँकेत रोटाव्हेटर आणि फवारणी पंप असतात, तसा एक पीटीओ विंच, दोन पुल्या, पट्टे आणि साखळ्यांचा संच असावा असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही चांगला मिस्त्री तो बनवू शकतो. मात्र बनवून घेताना चार गोष्टींवर पैसे वाचवू नयेत: खाली बसवलेली पुली, धरून ठेवणारा ब्रेक, पाठीमागची जाळी आणि शाफ्टचं आवरण. यातली एक जरी राहिली, तरी तो विंच वापरू नये, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नये.