भिंतीपलीकडचा आवाज

चेन्नईतील आमच्या घराची एक भिंत शेजारच्या मामांच्या घराला लागून आहे. मामा निवृत्त अभियंते. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. संध्याकाळ झाली, की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येऊ लागतो. काही अक्षरे, काही आकडे, मग शांतता. पुन्हा तीच अक्षरे. प्रारंभी मला वाटे, एकाकी माणूस स्वतःशीच बोलत असावा. पुढे कळले, की ते 'हॅम', म्हणजे हौशी रेडिओचालक आहेत. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, आपल्या यंत्रावरून देशोदेशीच्या चालकांशी बोलायचे आणि त्यातून पैसा मात्र मिळवायचा नाही, असा हा छंद. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मला त्या खरखरीत कसला रस असणार? रिकामपणाचा उद्योग म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला होता.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदीला महापूर आला आणि निम्मे शहर पाण्याखाली गेले. माझी मुलगी तेव्हा वेलचेरी भागात मैत्रिणींसह राहत होती. वीज गेली, मोबाइल मुके झाले. दोन दिवस तिचा काहीच ठावठिकाणा लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मामांचे दार ठोठावले. मोटारीच्या बॅटरीवर त्यांचे यंत्र चालू होते. "पत्ता सांगा, अम्मा," एवढेच ते म्हणाले. त्या भागात मदतकार्यात गुंतलेल्या एका चालकाने निरोप टिपून घेतला. दिवेलागणीला उत्तर आले, "सुखरूप आहे. दुसऱ्या मजल्यावर आहे. पिण्याचे पाणी पोहोचले." शब्दांचे सौंदर्य मी जन्मभर शिकवत आले होते; शब्दांचे मोल मला त्या तीन वाक्यांनी शिकवले.

पुढे एकदा मी संकोचानेच विचारले, "मामा, मला हे शिकवाल?" ते हसून म्हणाले, "आधी ऐकायला शिका. बोलणे नंतर."

ऐकण्यासाठी यंत्र विकत घेण्याचीही गरज पडली नाही. रेडिओतील तारांची वेटोळी आणि इतर सुटे भाग जे काम करीत, त्यातील बरेचसे आता संगणक गणिताने करतो. असे रिसीव्हर अनेक ठिकाणी इंटरनेटला जोडलेले आहेत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात २००८ पासून असा एक रिसीव्हर आहे. शेकडो श्रोते एकाच वेळी त्यावर आपापल्या आवडीची वारंवारता ऐकू शकतात. पडद्यावर निळसर पट्टा सरकत असतो; त्यावर उजळ रेघ दिसली, की तेथे कोणीतरी बोलत आहे असे समजावे.

या शहराचे आणि रेडिओचे नाते जुने आहे. १९२४ साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने येथूनच प्रसारण सुरू केले होते. चेन्नईच्या उत्तरेकडील श्रीहरिकोट्याहून ५ मे २००५ रोजी इस्रोने 'हॅमसॅट' हा ४२.५ किलो वजनाचा उपग्रह खास हौशी चालकांसाठी सोडला. त्यातील दोन यंत्रणांपैकी एक भारतीय होती. दुसरी नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने तयार केली होती. २०१४ पर्यंत त्या उपग्रहाने सेवा दिली.

२०१८ च्या नोव्हेंबरात कतारचा एक भूस्थिर उपग्रह आकाशात गेला. त्यावरही हौशी चालकांसाठी सोय आहे. मामांच्या गच्चीवरील तबकडी पश्चिमेकडे तोंड करून त्याच्याकडेच पाहत असते. त्याचे संदेश ऐकवणारा एक रिसीव्हर इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, गूनहिली येथे आहे. एका संध्याकाळी मी तो संगणकावर लावला. भिंतीपलीकडे मामांनी आपले संकेतनाम उच्चारले. काही क्षण गेले आणि तोच आवाज माझ्या टेबलावरून उमटला! वीतभर भिंतीपलीकडचा माणूस सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच जाऊन, इंग्लंडात उतरून, समुद्रतळाच्या तारांतून माझ्या घरी आला होता. माझे डोळे भरून आले. कित्येक वर्षे हा आवाज मी सरळ भिंतीतून ऐकत होते. पण ऐकले मात्र कधीच नव्हते.

आता मीही परवान्याच्या परीक्षेची तयारी करीत आहे. किमान वयाची अट बारा वर्षांची. कमाल वयाची अट नाही. पन्नाशी उलटल्यावर ओहमचा नियम समजून घेताना, पाटीवर पहिले अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखी माझी अवस्था होते. चुकले, की मी भिंतीवर टकटक करते. मामा पुस्तक घेऊन येतात आणि न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

परीक्षेचा निकाल काहीही लागो. कोणी बोलू लागले, की हातातले काम बाजूला ठेवून ऐकण्याची सवय मला लागली आहे. मुलगी म्हणते, "आई, हल्ली तू माझे बोलणे मध्येच तोडत नाहीस."